कुठे राहता, कुठे उतरलात?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज मी आपल्याशी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द अगदी साधा आहे, चार अक्षरांचा. त्याचा अर्थ विचारला तर शाळेतलं पोरही सांगेल. तो शब्द म्हणजे 'स्टे'. लोकलमध्ये शेजारच्या माणसाशी ओळख झाली की आपण विचारतो, 'व्हेअर डू यू स्टे?' तो सांगतो, 'आय स्टे इन डोंबिवली.' विचारणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्यालाही समाधान वाटतं. कुणाचं काही अडत नाही.

हाच संवाद लंडनच्या एखाद्या माणसाच्या कानावर पडला, तर मात्र त्याच्या मनात वेगळं चित्र उभं राहतं. त्याला वाटतं, हे गृहस्थ डोंबिवलीत चार दिवसांसाठी आले असावेत. एखाद्या लॉजवर नाहीतर मेव्हण्याकडे उतरले असावेत. डोंबिवलीत त्यांचा स्वतःचा ब्लॉक आहे, मुलं तिथल्याच शाळेत शिकली, रेशनकार्डही तिथलंच आहे, यातलं काहीही त्याला त्या वाक्यातून समजत नाही. कारण त्याच्या भाषेत कायमचं राहणं असेल तर 'लिव्ह', आणि तात्पुरतं असेल तर 'स्टे'.

एवढंच सांगायचं असतं तर हे भाषण दोन मिनिटांत संपलं असतं. 'स्टे'ऐवजी 'लिव्ह' म्हणा, धन्यवाद, नमस्कार. इंग्रजीचा शिक्षक म्हणून कितीतरी वर्षं मी नेमकं एवढंच सांगत आलो. पण मला हा शब्द खऱ्या अर्थाने शिकवला तो माझ्या एका विद्यार्थ्याने. आधी ती गोष्ट सांगतो.

रात्रशाळेतला तास

१९८३ साल. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि मुंबईतल्या गिरणगावातल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवत होतो. वर्गात बहुतेक मुलं कामकरी. कुणी दिवसा छापखान्यात, कुणी दुकानात, कुणी कुरिअरसारखी पाकिटं पोचवणारा. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेला गिरणी संप लांबत चालला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी पगार येत नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तास इंग्रजीचा होता आणि मी तरुण होतो. व्याकरणाची चूक दिसली की माझे हात शिवशिवत.

त्या दिवशी 'स्वतःची ओळख करून द्या' हा पाठ होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. वय असेल अठरा-एकोणीस. त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, 'आय स्टे इन लालबाग.'

मी त्याला थांबवलं. वर्गाकडे बघून म्हटलं, 'स्टे हॉटेलात करतात. तू काय हॉटेलात आहेस का? आय लिव्ह इन लालबाग म्हण.' वर्ग हसला. मलाही बरं वाटलं, मास्तर विनोदी आहेत असं पोरांना वाटलं म्हणून.

तो मुलगा हसला नाही. तो मराठीत म्हणाला, 'सर, आम्ही राहतो पाटणला. इथं आम्ही उतरलोय.'

सातारा जिल्ह्यातलं पाटण. मी विचारलं, 'किती वर्षं झाली उतरून?' तो म्हणाला, 'वडलांना सव्वीस वर्षं झाली.'

मग तासानंतर त्याच्याकडूनच कळलं. लालबागच्या एका चाळीत त्यांच्या गावच्या मंडळाची खोली होती. एका खोलीत पंधरा-सोळा माणसं. प्रत्येकाची पत्र्याची एक पेटी आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. बायको-मुलं, म्हातारी माणसं, दोन बिघे जमीन, देव, सगळं गावाकडे. वडील सव्वीस वर्षं मुंबईत होते, पण त्यांना कुणी 'कुठे राहता' असं विचारलं तर ते पाटणचंच नाव घेत. संप सुरू झाल्यावर ते गावी परत गेले. पोरगा शिकायला म्हणून त्यांच्या जागेवर वळकटी टाकून राहिला होता.

आता मला सांगा, त्या मुलाचं इंग्रजी चुकलं होतं का? त्या वर्गात 'स्टे' हा शब्द बरोबर वापरणारा कदाचित तो एकटाच असेल. आणि चूक दाखवायला उठलेला मी. त्या दिवशी मी त्याची माफी मागितली नाही. मास्तरने विद्यार्थ्याची माफी मागायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि मलाही ते सुचलं नाही. पुढे परीक्षेआधीच त्याने शाळा सोडली. ती गोष्ट मनात राहून गेली.

मराठीतच दडलेला नियम

त्या मुलाच्या एका वाक्याने मला जो नियम दिला, तो व्याकरणाच्या पुस्तकांत मी शोधत होतो. तो आपल्या मराठीतच होता. आपल्याकडे 'राहणं' आणि 'उतरणं' अशी दोन क्रियापदं आहेत. गावात पाहुणा आला की जुनी माणसं विचारायची, 'कुठं उतरलात?' पाहुणा म्हणायचा, 'मामांकडे उतरलोय' किंवा 'धर्मशाळेत उतरलोय.' 'कुठे राहता?' हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर कोल्हापूर, नागपूर, पणजी असं काहीतरी. प्रवाशाला आपल्याकडे 'उतारू' म्हणत, तोही यातलाच शब्द. गाडीतून, घोड्यावरून खाली उतरायचं आणि विसावा घ्यायचा, म्हणून उतरणं.

तेव्हा नियम असा. मराठीत जिथे तुम्ही 'उतरलो' म्हणाल, तिथे इंग्रजीत 'स्टे'. जिथे 'राहतो' म्हणाल, तिथे 'लिव्ह'. 'मी पुण्याला राहतो, पण सध्या दिल्लीला भावाकडे उतरलोय.' यातल्या पहिल्या अर्ध्याला 'लिव्ह', दुसऱ्या अर्ध्याला 'स्टे'. इतका सोपा नियम शाळेत कुणी सांगितला असता तर कितीतरी मुलांची भीती गेली असती.

मग आपण चुकतो का? तर 'उतरणं' हे क्रियापद आता शहरात फारसं कुणी वापरत नाही म्हणून. पाहुण्यालाही आपण 'कुठे राहिलात?' असंच विचारतो. एकटं 'राहणं' उरलं, आणि हे 'राहणं' फार मोठं कुटुंब सांभाळून आहे. शांत राहा, जागे राहा, लांब राहा, सावध राहा. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'स्टे'च येतो. 'स्टे काम', 'स्टे अवेक', 'स्टे अवे'. मुलगा हे पाहतो आणि मनाशी ठरवतो की राहणं म्हणजे स्टे. त्याचं गणित बरोबर असतं, फक्त एका घरात ते चुकतं. शिवाय हिंदीतलं 'रहना' आणि गुजरातीतलं 'रहेवुं' यांचंही तेच आहे. त्यामुळे मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे सगळेच एकमेकांना 'व्हेअर डू यू स्टे' विचारतात आणि कुणालाच ते खटकत नाही.

आपल्या 'राहणं'ची व्याप्ती एवढ्यावर थांबत नाही. काम करायचं राहिलं, म्हणजे झालं नाही. हिशेबात पाच रुपये राहिले, म्हणजे उरले. सुनेला दिवस राहिले, म्हणजे घरात आनंद आहे. बोलत राहिलो, म्हणजे थांबलो नाही. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द शोधावा लागतो.

आणखी एक सापळा

'लिव्ह' म्हणायचं ठरवलं तरी एक सापळा आहेच. तो उच्चाराचा. इंग्रजीत 'लिव्ह' ऱ्हस्व उच्चारला तर राहणं, आणि 'लीव्ह' दीर्घ उच्चारला तर सोडून जाणं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाची शिस्त लिहिण्यात जेवढी आहे तेवढी बोलण्यात नाही. त्यामुळे 'आय लीव्ह पुणे' असं म्हणणारा माणूस पुण्यात राहतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा पुणं सोडून चालला.

गंमत अशी की हे दोन्ही शब्द मुळात एकाच घराण्यातले आहेत. भाषा अभ्यासणारे लोक त्यांचं मूळ 'चिकटणं' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत शोधतात. आपला 'लेप', 'लिंपणं' हे शब्दही त्याच धातूचे मानले जातात. चिकटून राहतो, टिकतो, तो जगतो. म्हणून 'लिव्ह' म्हणजे जगणंही आणि राहणंही. आणि 'लीव्ह' म्हणजे मुळात मागे राहू देणं, मागे ठेवणं. बाप मुलासाठी घर ठेवून गेला, या वाक्यात इंग्रजीत अजूनही 'लीव्ह'च येतो.

दुसरा सापळा काळाचा. आपण म्हणतो, 'दहा वर्षांपासून पुण्यात राहतोय.' त्याचं भाषांतर होतं, 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स.' इंग्रजीत हे चालत नाही. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स' असं म्हणतात. आणि नुसतं 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की हे सध्यापुरतं आहे, पुढचं काही ठरलेलं नाही. कायमचं असेल तर साधं 'आय लिव्ह इन पुणे'. म्हणजे तात्पुरतं की कायमचं, हा प्रश्न इंग्रजी माणूस शब्दातूनच नव्हे तर काळातूनही विचारत असतो.

उभे राहणारे, बसणारे, रेंगाळणारे

राहण्यासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांची मुळं शोधायला गेलं की आपलीच माणसं भेटतात. 'स्टे' फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उभं असणं. संस्कृतातला 'स्था' धातू त्याचाच भाऊबंद. म्हणजे आपलं स्थान, स्थिर, स्थानक, आणि ज्याचा ठाव लागत नाही तो 'ठाव', हे सगळे 'स्टे'चे नातेवाईक. आपल्या ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक. तेव्हा 'आय स्टे इन ठाणे' म्हणणारा माणूस व्याकरणात चुकला तरी नात्यात चुकत नाही!

'रिसाइड' या भारदस्त शब्दाच्या पोटात बसणं आहे. लॅटिनमधला बसणं या अर्थाचा धातू आणि आपला 'सद्' धातू एकच. त्यावरूनच आपलं 'सदन' आणि 'संसद'. यावरून इतिहास आठवतो. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा जो वकील असे त्याला 'रेसिडेंट' म्हणत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जळाली, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. बसायला म्हणून आलेला पाहुणा घरमालक होऊन बसला. अर्थ 'तात्पुरता' की 'कायमचा', हे वेळीच ओळखलं नाही तर काय होतं त्याचा हा धडा म्हणायला हरकत नाही.

'ड्वेल' या शब्दाची कथा सर्वांत विचित्र. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता भुलवणं, वाट चुकवणं. मग अर्थ झाला अडखळणं, उशीर करणं. मग रेंगाळणं. आणि रेंगाळता रेंगाळता शेवटी राहणं. वाट चुकलेला माणूस एखाद्या ठिकाणी थांबतो आणि तिथलाच होतो, असं काहीसं. आज बोलण्यात हा शब्द जुनाट वाटतो. पण रेल्वेच्या आणि मेट्रोच्या परिभाषेत तो जिवंत आहे. गाडी स्टेशनात जितका वेळ उभी असते त्याला 'ड्वेल टाइम' म्हणतात. मुंबईच्या लोकलचा हा वेळ काही सेकंदांचाच. त्या काही सेकंदांत 'ड्वेल'चा जुना अर्थ, थांबणं आणि रेंगाळणं, अजून शिल्लक आहे.

आणि सर्वांत मोठी गंमत 'वॉज' या शब्दाची. 'ही वॉज', 'तो होता', असं आपण शिकतो. हा 'वॉज' ज्या धातूतून आला त्याचा मूळ अर्थ होता राहणं, रात्र काढणं. संस्कृतातला 'वस्' धातू तोच. आपले वास, निवास, वस्ती त्यावरूनच. खेड्यात अजून म्हणतात, 'रात्रीला वस्तीला थांबा.' संध्याकाळी गावात येऊन पहाटे निघणाऱ्या एसटीला 'वस्तीची गाडी' म्हणतात. इथे 'वस्ती' म्हणजे घरं नव्हेत, रात्रीचा मुक्काम. हा अर्थ फार जुना आहे, आणि तो तुमच्या-माझ्या एसटीच्या फलकावर टिकून आहे.

मुक्काम म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. हा शब्द अरबी. मुळात उभं राहण्याची, थांबण्याची जागा असा त्याचा अर्थ. सैन्याने, यात्रेकरूंनी रात्री थांबायचं ठिकाण म्हणजे मुक्काम. आणि आपण आपल्या पिढीजात गावाचा पत्ता कसा लिहितो? मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक. ज्या गावात सात पिढ्या गेल्या त्यालाही आपण पत्त्यात मुक्कामच म्हणतो. संतांची भूमी आहे, त्यामुळे हे अपघाताने झालं की समजून-उमजून, ते तुम्हीच ठरवा.

कोर्टातला स्टे, कायद्यातलं राहणं

'स्टे' शब्द मराठी माणसाला आणखी एका ठिकाणी चांगला माहीत आहे, तो म्हणजे कोर्टात. 'स्टे आणला', 'स्टे मिळाला', 'स्टे उठला'. इथे स्टे म्हणजे कारवाई आहे तिथे थांबवणं. जुन्या चाळीतला भाडेकरू मालकाविरुद्ध कोर्टात गेला आणि त्याला स्टे मिळाला, की तो वर्षानुवर्षं तिथे स्टे करतो! हे दोन्ही 'स्टे' एकच, हे त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नसतं.

कायद्याला मात्र राहणं म्हणजे काय, हा प्रश्न गांभीर्याने सोडवावा लागतो. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. पाहा, राहणं आणि स्थायिक होणं, दोन्ही शब्द वेगळे घातले आहेत. घटनेच्या ५ व्या अनुच्छेदात नागरिकत्वासाठी 'डोमिसाइल' हा शब्द येतो. मराठीत त्याला आपण 'अधिवास' म्हणतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी मुलांना तहसील कार्यालयात रांग लावून जे प्रमाणपत्र घ्यावं लागतं ते हेच. या शब्दात लॅटिनमधलं घर आहे, आणि आपल्या 'दंपती' शब्दातही तेच घर आहे. दंपती म्हणजे मुळात घराचे धनी.

मतदार यादीचा कायदा १९५० चा. त्यात मतदार त्या मतदारसंघाचा 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. तो कायदा दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही काळासाठी बाहेर गेला म्हणून कोणी आपलं रहिवासीपण गमावत नाही. म्हणजे भिंती तुमच्या असल्या म्हणून तुम्ही तिथे राहता असं होत नाही, आणि लालबागच्या खोलीतून चार महिने गावी गेलात म्हणून ती खोली परकी होत नाही.

व्यवहारात हा फरक कधी महत्त्वाचा ठरतो? समजा तुमची मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते, घर घेऊन राहते, आणि तुम्ही तिला भेटायला जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करता. अर्जात तुमचं राहण्याचं ठिकाण एका रकान्यात असतं आणि तिथे गेल्यावर उतरण्याचं ठिकाण दुसऱ्या. पहिल्यात तुमचं गाव, दुसऱ्यात मुलीचं घर. मुलाखतीत 'माय डॉटर स्टेज इन इंग्लंड' असं सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल तीही तिथे पाहुणीच आहे. तिथे 'माय डॉटर लिव्ह्ज इन इंग्लंड, अँड आय विल स्टे विथ हर' एवढं एक वाक्य पाठ करून जा. एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

चुकणारे आपण एकटे नाही

हे ऐकून कुणाला वाटेल, आपण भारतीयांनीच इंग्रजी बिघडवलं. तसं नाही. स्कॉटलंडमध्ये जा. ग्लासगोचा माणूस तुम्हाला विचारेल, 'व्हेअर डू यू स्टे?' आणि त्याला विचारायचं असतं, तुम्ही कुठे राहता? त्याच्या बोलीत पिढ्यान्पिढ्या कायमच्या राहण्यालाही 'स्टे'च म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतही तेच ऐकू येतं. तिथे कुणी त्यांना हसत नाही. लंडनचा माणूस हसला तर ग्लासगोचा माणूस त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही.

तेव्हा डोंबिवलीच्या लोकलमध्ये खुशाल 'व्हेअर डू यू स्टे' म्हणा. तिथे ते आपलं इंग्रजी आहे आणि सगळ्यांना कळतं. परक्याशी बोलताना, अर्जात लिहिताना, मुलाखत देताना मात्र 'राहतो' की 'उतरलो' हे आधी मनात मराठीत ठरवा. मनात मराठी नीट असली की इंग्रजी आपोआप नीट येते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आणि मराठीकडे असे शब्द आहेत जे इंग्रजीकडे नाहीत, हेही विसरू नका. 'बिऱ्हाड' घ्या. भाड्याची जागा, त्यात मांडलेला संसार, आणि तो कधीतरी हलवावा लागणार याची जाणीव, हे सगळं एका शब्दात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो ते उगाच नाही. दुसरा शब्द 'नांदणं'. सून सासरी नुसती राहत नाही, नांदते. कोर्टात नवरा-बायकोचं प्रकरण गेलं तरी 'नांदायला येत नाही' असंच म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी आनंद आहे. घर आहे, माणसं आहेत, आणि तिथे मन रमलं आहे, असं राहणं म्हणजे नांदणं. याला इंग्रजीत मी आयुष्यभर शब्द शोधला. सापडला नाही.

घरीच राहा

शेवटी अलीकडची एक आठवण. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. टीव्हीवर, मोबाइलवर, रस्त्यांवरच्या फलकांवर एकच संदेश होता. 'स्टे होम.' घरीच राहा. या दोन शब्दांमध्ये कुणाला काही अवघड वाटलं नाही. पण त्याच दिवसांत मुंबईतून, पुण्यातून हजारो माणसं डोक्यावर बोजा, कडेवर मूल घेऊन नाशिकच्या, सोलापूरच्या रस्त्याने चालत निघाली. मजुरांसाठी रेल्वेच्या विशेष गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी. तोपर्यंत माणसं चालत होती.

मी खिडकीतून टीव्हीकडे वळून ते पाहत होतो. लोक म्हणत होते, यांना सांगितलंय ना घरी राहा, मग हे निघाले कशाला? मला एकदम तो रात्रशाळेतला मुलगा आठवला. 'सर, आम्ही राहतो पाटणला. इथं उतरलोय.' रस्त्यावरून चालणारी ती माणसं संदेश मोडत नव्हती. त्यांना घरीच राहा म्हणून सांगितलं होतं, आणि ती घरीच निघाली होती. दहा बाय दहाच्या ज्या खोलीत ती पाळीपाळीने झोपत होती, तिला आपण त्यांचं घर समजलो होतो. ती जागा त्यांनी कधीच घर म्हणून मानली नव्हती, कारण तशी मानावी असं तिथे काही आपण त्यांना दिलं नव्हतं.

सदतीस वर्षांपूर्वी एका मुलाने मला तेच सांगितलं होतं, आणि मी ते व्याकरण समजून सोडून दिलं होतं.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. वर्गात एखादं मूल 'आय स्टे' म्हणालं तर लगेच खोडू नका. आधी त्याला मराठीत विचारा, बाळ, तू इथे राहतोस की उतरला आहेस? उत्तर ऐका. मग इंग्रजी शिकवा.

श्रोतेहो, वेळ संपत आली. आपण जिथे उतरला असाल तिथे राहायला लागा, आणि जिथे राहत असाल तिथे सुखाने नांदा.